ड्रमच्या मागचं स्टूल

ड्रमरबद्दल लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात. एक, तो मोठ्याने वाजवतो. दोन, त्याला दुसरं काही वाजवता येत नाही म्हणून तो ड्रम वाजवतो. या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर तिसरी सांगितली. म्हणाल्या, "तुमच्या आयुष्यात खूप गंमतजंमत झाली असेल ना हो? हॉटेलं, पार्ट्या, सिनेमावाले!" मी म्हटलं, "बाई, मला जास्तीत जास्त कावीळ झाली." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. जे सांगायचंय ते त्या काविळीचंच आहे.

माझं नाव बस्त्याव. कागदावर सेबॅस्टियन. अंधेरीच्या गावठाणात आमचं चार पिढ्यांचं घर. आम्ही ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, म्हणजे घरात मराठीत भांडणारे आणि चर्चमध्ये इंग्रजीत गाणारे. वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे, त्यामुळे माझ्या हातात काठ्या आल्याचं कोणाला नवल वाटलं नाही आणि कौतुकही वाटलं नाही. ऐंशीच्या दशकात माझा आठवडा ठरलेला असे. रविवारी दुपारी जुहूच्या एका हॉटेलात जाझ, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये क्वायरची, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांची, तालीम, गुरुवारी शाळेमागच्या खोलीत क्लास. मधल्या वारी घाटकोपर-मुलुंडचे ऑर्केस्ट्रा आणि साबणाच्या जाहिराती. सगळ्या प्रकारचं वाजवतो म्हणून मला लोक 'व्हर्सटाइल' म्हणायचे. ज्याला कुठंच कायमचं ठेवायचं नसतं त्याच्यासाठी हा शब्द फार सोयीचा आहे.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. उजवा पाय मोठ्या बास ड्रमवर. डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजांवर. डावा हात समोरच्या स्नेअरवर, उजवा वरच्या मोठ्या झांजेवर. चौघांनी चार कामं करायची आणि कोणी कोणाच्या पायात पाय घालायचा नाही. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्या माणसाला हे किती अवघड आहे ते समजेल. काठ्यांनी वाजतं तसंच तारांच्या ब्रशांनीही वाजतं. ब्रश स्नेअरवर गोल गोल फिरवायचे, तांदूळ पाखडल्यासारखा आवाज येतो.

हॉटेलात आमची चौकडी होती. पियानोवर मॉरिस, तोच लीडर. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, बोटांत जादू आणि कण्यात पाणी. मॅनेजर दर रविवारी त्याच्या कानात येऊन सांगायचा, "सूप चालू आहे, हळू घ्या." मॉरिस माझ्याकडे बघायचा आणि मी ब्रश काढायचो. सूपला ब्रश, मटणाला काठ्या, आइस्क्रीम आलं की सुट्टी. त्या हॉलमध्ये जाझ ऐकायला किती लोक यायचे म्हणाल, तर एक. तो वेटर होता. बाकीचे मध्येच चालत येऊन मॉरिसला चिठ्ठी द्यायचे की अमुक पिक्चरचं गाणं वाजवा, मुलाचा बर्थडे आहे. आणि मॉरिस वाजवायचा. मीही वाजवायचो. वर 'मी जाझ ड्रमर आहे' हे सांगताना माझी मान ताठ असे. तिची मला आज लाज वाटते.

क्लासचं तर विचारूच नका. मुलुंडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. "किती महिन्यांत येईल?"

"काय येईल?"

"ड्रम."

मी विचारलं, "मराठी तुम्हाला किती महिन्यांत आलं?"

"तसं नाही हो, तिच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत आहे. आणि सर्टिफिकेट मिळतं ना?"

सर्टिफिकेट मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी मुलीला जिथं मिळतं तिथं घातलं. पुढे रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, सोनेरी बॉर्डरचं आहे. मुलगी काय वाजवते हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझा त्यातल्या त्यात नावाजलेला विद्यार्थी रसेल. वर्सोव्याला समुद्रासमोरच्या नव्या इमारतीत राहायचा. बाप विमान कंपनीत, त्यामुळे लाल चमकीचा परदेशी ड्रमसेट घरातच. माझा सेट तिसऱ्या हाताचा, त्याच्या बास ड्रमला आतून उशी कोंबलेली. रसेल झपाझप वाजवायचा. हात सुंदर, कान बंद. दुसरं कोणी वाजवतंय हे त्याला कधी जाणवलंच नाही. पण केस मानेवर, इंग्रजी फर्डं, आणि स्टूलवर बसला की ड्रमर दिसायचा. मला वाटायचं, पुढेमागे हा माझं नाव काढेल. मास्तरांना असंच वाटतं. म्हणून ते मास्तर राहतात.

आणि एका गुरुवारी परब आले.

गिरण्यांचा संप होऊन तीनेक वर्षं झाली होती. दारात पंचेचाळिशीचा माणूस, अंगात खाकी शर्ट, पायात झिजलेल्या चपला. मला वाटलं, शाळेचा नवा शिपाई, खोली बंद करायला आला असेल.

"माका ड्रम शिकूचो आसा," तो म्हणाला.

माझी पोरं फिदीफिदी हसली. मी त्यांना गप्प केलं नाही.

गोविंद परब, मूळ कणकवलीकडचे. वीस वर्षं गिरणीत, आता बोरिवलीला एका सोसायटीत वॉचमन. दहिसरला नदीकाठच्या चाळीत बिऱ्हाड. चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी विचारलं, "मग पखवाज आहे ना? हे कशाला?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "सोसायटीतल्या एका खिडकीतसून हा वाजणा ऐकतंय. एक माणूस चार माणसांचा काम करता. कसा करता ता बघूचा आसा."

मी त्यांना टाळायला काठ्या दिल्या आणि महिनाभर एकच धडा दिला: उजवा, डावा, उजवा, डावा, वहीवर. पोरं दुसऱ्या दिवशी कंटाळतात. परब महिन्याने आले, वहीचा पुठ्ठा फाटला होता. हाताची पकड अजून पखवाजाची, बोटं उघडी, मनगट अवघडलेलं. मी पोरांसमोर म्हटलं, "परब, ही काठी आहे, आरतीची घंटी नाही." ते हसले. मला तेव्हा वाटलं, त्यांना अपमान कळत नाही.

त्याच सुमारास मी पोरांना स्विंग शिकवत होतो. जाझचा जीव त्यात आहे, आणि तो शिकवताना मी दरवर्षी हरायचो. मोठ्या झांजेवर टिंग, टिंग-ट-टिंग वाजवायचं. लिहायला सोपं. पण पोरं वाजवायची ती पोलीस परेडसारखी सरळ. मी फळ्यावर आकृत्या काढल्या, कॅसेट लावल्या, ओरडलो. रसेल म्हणाला, "सर, बरोबरच तर आहे." परब कोपऱ्यातून म्हणाले, "सर, ह्या आमच्या भजनात आसा."

"काय आहे?"

"एका मात्रेचे तीन तुकडे करूचे. मधलो तुकडो तोंडात गिळूचो, हातान वाजवूचो नाय." आणि त्यांनी मांडीवर वाजवून दाखवलं. धाऽग, नाऽग. मग पोरांना सांगितलं, "तुमी तीनव म्हणा, पण मधलो मनात." पाच मिनिटांत सगळी खोली स्विंग करत होती. रसेल सोडून.

मी सतरा वर्षं जे इंग्रजीत समजावत होतो ते एका वॉचमनने पाच मिनिटांत समजावलं. चांगल्या माणसाला आनंद झाला असता. मी म्हटलं, "हां, ठीक आहे, पण भजन वेगळं, जाझ वेगळं." नि तास संपवला.

पुढच्या दीड वर्षात परबांचे हात सुटले. पाय तर पहिल्यापासून शहाणे होते; गिरणीच्या लूमवर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याला ताल पायातूनच येत असणार. ब्रश दिले तर असे फिरवायचे की मी बोलणं थांबवून ऐकायचो. आणि त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती. गाणारा माणूस श्वास घ्यायला थांबला की तेही थांबायचे. भजनातल्या बुवांनी ती सवय लावली होती. मी हे सगळं बघत होतो आणि त्यांना एकदाही 'छान' म्हटलं नाही. त्याला मी शिस्त म्हणायचो.

आता क्वायरचं. आमच्या गावठाणातल्या मिस डायस, शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, अख्ख्या गावठाणाला तू म्हणणाऱ्या. त्यांचा भाऊ बोटीवर होता, त्याने अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांच्या कॅसेट आणल्या. त्याला गॉस्पेल म्हणतात. आमच्या चर्चची गाणी म्हणजे इस्त्रीच्या सदऱ्यासारखी. ही गाणी घामेजलेली, रडणारी, मध्येच हसणारी. मिस डायसनी ठरवलं, आपल्या बायकांनी हे गायचं. तीस बायका जमवल्या: नर्सा, टायपिस्ट, दोन मासळीवाल्या. साथीला पियानो आणि मी.

या गाण्यांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते. आपल्याकडे सगळं जग पहिल्यावर वाजवतं. फादर तालमीला येऊन पहिल्यावर टाळ्या वाजवायचे आणि मिस डायस त्यांच्याकडे शाळेतल्या नजरेने बघायच्या. फादरना मुळात चर्चमध्ये ड्रम नकोच होता. "हे नाचाचं वाद्य आहे," म्हणायचे. शेवटी तोडगा निघाला: नाताळच्या आधी चर्चच्या शेजारच्या पॅरिश हॉलमध्ये एक कार्यक्रम करा. बरा झाला तर ईस्टरलाही करा. नाही झाला तर विषय बंद.

मिस डायस म्हणाल्या, "बस्त्याव, माझं वय एकाहत्तर आहे. मला दुसरा विषय नाही."

कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टरने दीड महिना पलंग सांगितला.

दोन ठिकाणी बदली माणूस द्यायचा होता, हॉटेलात आणि क्वायरला. मॉरिसचा आणि मिस डायसचा निरोप एकाच दिवशी आला: कोणाला पाठवतोस? माझी बायको फिलोमिना म्हणाली, "परबांना पाठव की. ते तुझ्याहून गोड वाजवतात." क्लास शाळेमागे असल्याने एरवी तिच्या कानावर पडत नसे, पण कधीतरी ते घरी सराव करून गेले होते, तेव्हा तिने ऐकलं होतं.

मी म्हटलं, "हॉटेलात खाकी शर्ट चालत नाही."

"मग पांढरा घालतील."

"इंग्रजी येत नाही."

"ड्रमला येतं?"

मी दोन्हीकडे रसेलचं नाव कळवलं. मनाशी कारणं सांगितली: त्याच्याकडे सेट आहे, तो दिसतो बरा, फादरना नावही ओळखीचं वाटेल. खरं कारण एकच होतं. रसेल वाजवून आला की लोक म्हणाले असते, बस्त्याव कधी बरा होतोय? परब वाजवून आले असते तर कोणी विचारलं नसतं.

कार्यक्रमाला मी नव्हतो, पण तीस बायकांनी मला तो तीस वेळा सांगितला. पहिली दोन गाणी वेगाची होती, ती निभली. तिसरं संथ. त्यात बायकांनी एकेक ओळ लांबवायची, आणि ड्रमने मागे नुसतं उभं राहायचं. रसेलला उभं राहता येत नव्हतं. त्याने मोकळी जागा दिसेल तिथं गडगडाट भरला. लय चढत गेली. बायकांना दम पुरेना, मागची ओळ पुढच्यांच्या आधी संपली. मिस डायसनी भर हॉलमध्ये हात वर करून गाणं थांबवलं. पुन्हा सुरू केलं, बिनड्रमचं. पण तोवर बायका घाबरल्या होत्या.

आणि लोक? लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि रसेलला म्हणाले, काय झकास वाजवतोस रे! ज्याने गाण्याची वाट लावली, हॉलमध्ये तोच एक लोकांच्या लक्षात राहिला. फादर फक्त म्हणाले, "ठीक आहे, मिस. झालं ना आता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी परब मला बघायला आले होते. काविळीला ऊस चांगला म्हणून दहिसरच्या बाजारातून ऊस आणला होता. पलंगाशेजारी स्टूलवर बसून ते सुरीने ऊस सोलत होते, कांड्यांचे बारीक तुकडे ताटलीत टाकत होते. तेवढ्यात मिस डायस आल्या. परबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक घरगडी समजल्या. उभ्या उभ्याच बोलल्या.

"बस्त्याव, मला एकच विचारायचंय. तुझ्याकडे वर्षानुवर्षं क्लास आहे. दुसरं कोणी नव्हतं तुझ्याकडे? एकसुद्धा?"

परबांची सुरी थांबली.

मी म्हटलं, "नाही मिस. कोणीच नाही."

त्या मान हलवून निघून गेल्या. सुरी पुन्हा सुरू झाली. परबांनी राहिलेला ऊस सगळा सोलला, एक तुकडा सोडला नाही. ताटली माझ्या हाताशी ठेवली. मोरीत जाऊन सुरी धुतली, फिलोमिनाच्या हातात दिली आणि म्हणाले, "येतंय, सर."

फिलोमिना दारात उभी होती. ती आत आली, ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "डोळ्यांचं पिवळं उतरेल. तोंड काळं केलंस त्याचं काय करणार?"

जानेवारीअखेर मी उठलो आणि पहिल्या रविवारी हॉटेलात गेलो. पियानोच्या शेजारी, जिथं माझा सेट लागायचा तिथं, एक डबा ठेवला होता, ट्रान्झिस्टरएवढा. मॉरिसने बटण दाबलं आणि त्यातून ड्रमसारखं टिक-टॅक टिक-टॅक सुरू झालं. वर तो एकटा वाजवत होता. चौकडीतले बाकीचे दोघेही गेले होते. डब्यावर 'स्विंग' असं लिहिलेलं एक बटण होतं. मी ते दाबून बघितलं. पोलीस परेड.

"रसेल फार मोठ्याने वाजवायचा," मॉरिस नजर चुकवत म्हणाला. "मॅनेजर म्हणाला हे बरं. सूपच्या वेळी आवाज कमी करता येतो. आणि बघ ना यार, याला कावीळ होत नाही."

वेटर तेवढा बाहेरपर्यंत सोडायला आला.

ज्या जागेसाठी मी खोटं बोललो ती जागाच गेली होती. हे लिहायला आज सोपं वाटतं. त्या दुपारी मी जुहूच्या रस्त्यावर काठ्यांची पिशवी घेऊन उभा होतो आणि मला मॉरिसचा, मॅनेजरचा, रसेलचा, त्या डब्याचा, सगळ्यांचा राग येत होता. स्वतःचा यायला घरी पोहोचेपर्यंत वेळ लागला.

परब त्या दुपारनंतर मला बघायलाही फिरकले नव्हते. पुढच्या रविवारी मी दहिसरला गेलो. चाळीच्या ओटीवर मंडळाची तालीम चालली होती. परब पखवाजावर होते. त्यांनी मला पाहिलं आणि वाजवत राहिले. मी चपला काढून मागे बसलो. तासभर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या बायकोने मला चहा आणून दिला आणि विचारलं, "कोण तुमी?" मी म्हटलं, "ड्रमवाला." ती म्हणाली, "होय? तुमीच काय ते?" आणि आत गेली. कपाला हात लावायला मला धीर झाला नाही.

तालीम संपल्यावर परब आले आणि समोर बसले.

मी म्हटलं, "परब, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"ता माका तेवाच कळला."

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं वाजवता. म्हणून बोललो."

त्यांनी पखवाजाची शाई पुसली. मग म्हणाले, "पोरांसमोर माका घंटी म्हटलात, मी हसलंय. शिकूक इलेल्या माणसान ऐकून घेवक व्हया. पण ह्या शिकवणा नव्हता, सर. ह्या खोटा होता."

"माफी मागायला आलोय."

"हय नको," ते म्हणाले. "ज्या खोलयेत माका नाय म्हटलात, थयच त्या बाईंका बोलवा, आणि माझ्या समोर हो म्हणा. मग मी येतंय. शिकूक येतंय हां. पाया पडूक नाय."

तसंच केलं. गुरुवारी मिस डायसना घरी बोलावलं. त्याच खोलीत, तोच पलंग. फिलोमिना मुद्दाम दारात येऊन उभी राहिली, तिला काही चुकवायचं नव्हतं. मी सांगितलं: मिस, तेव्हा माणूस होता. हा होता. मी नाही म्हटलं कारण मला याची भीती वाटली.

मिस डायसनी परबांकडे बघितलं. "त्या दिवशी ऊस सोलत होतात ते तुम्हीच?"

"होय बाय."

"आणि तुमच्या तोंडावर हा म्हणाला, कोणीच नाही." मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मी तुला पहिलीपासून शिकवलं, बस्त्याव. मठ्ठ होतास हे माहीत होतं. हलका असशील असं वाटलं नव्हतं."

  टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. त्यांनी ते परबांपुढे सरकवलं. "वाजवा."

परबांनी ब्रश घेतले. मिस डायस तेच संथ गाणं म्हणू लागल्या, म्हाताऱ्या, किंचित फाटक्या आवाजात. कागदावर ब्रशांची नुसती सरसर. त्या श्वासाला थांबल्या, ब्रश थांबले. त्यांनी मुद्दाम एक ओळ भलतीच लांबवली, परब वाट बघत राहिले, आणि ती जिथं टेकली तिथं अलगद उचलून घेतली. गाणं संपल्यावर मिस डायसनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "रविवारी चार वाजता तालीम. उशीर चालत नाही."

फादरनी आडकाठी केलीच. "परब? म्हणजे आपल्यातले नाहीत?" मिस डायस म्हणाल्या, "फादर, आपला पियानो सुरात लावायला पारशी येतो. तुम्ही कधी विचारलं नाही तो कोणातला ते." फादरनी एक तालीम ऐकली आणि ईस्टरला हो म्हटलं. हो म्हणताना ते म्हणाले की ड्रमबद्दल आपलं मत पहिल्यापासून चांगलंच होतं. मोठ्या माणसांची स्मरणशक्ती अशीच असते.

ईस्टरच्या संध्याकाळी सहा वाजता हॉल भरला. सेट माझाच होता, मीच लावला. तिसऱ्या रांगेत फिलोमिनाशेजारी बसलो. परब पांढऱ्या शर्टात, भांग पाडून, स्टूलवर. मागे बसलेले कोणी कुजबुजले, "हा कोण? तो लांब केसांचा पोरगा कुठं गेला?"

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की हॉलच्या स्टेजच्या फरशीला ईस्टरसाठी नवीन पॉलिश केलंय. बास ड्रमला पुढे दोन टोकदार पाय असतात, ते रुतायला खाली सतरंजी लागते. मी सतरंजी विसरलो होतो. प्रत्येक ठोक्याला ड्रम बोटभर पुढे सरकत होता. परबांचा पाय ताणला जात होता. दुसऱ्या गाण्यापर्यंत ते स्टूलच्या टोकावर आले. तिसरं गाणं संथ, तेच. त्यात असं ओढत वाजवणं शक्य नव्हतं.

मी उठलो, पुढे गेलो, आणि सगळ्या गावठाणासमोर स्टेजवर खाली बसलो, बास ड्रमला पाठ लावून, पाय समोर रोवून. हॉलमध्ये खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "अजून बरा झालेला दिसत नाही."

बावीस वर्षं मी त्या ड्रमच्या मागे बसलो होतो. मागे स्वतःचे हात ऐकू येतात. पुढे बसल्यावर बायका ऐकू आल्या. त्या संथ गाण्यात परब जवळजवळ काही वाजवतच नव्हते. पाठीत एक हलका धक्का, मग लांब मोकळी जागा, आणि त्या जागेत तीस बायका निवांत श्वास घेत होत्या. दोन्ही मासळीवाल्या पुढच्या रांगेत होत्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते न पुसता गात होती.

शेवटचं गाणं वेगाचं. लोकांनी सवयीप्रमाणे पहिल्या ठोक्यावर टाळ्या धरल्या. स्टूलवर मी असतो तर लोकांकडे तुच्छतेने बघितलं असतं, तेवढंच मला येत होतं. परबांनी बाकी सगळं थांबवून फक्त डाव्या पायाची हाय-हॅट ठेवली, दोनवर आणि चारवर. बायकांनी तिच्यावर टाळी धरली. हॉल आधी गोंधळला, मग एकेक रांग वळत गेली. फादर तेवढे शेवटपर्यंत एकवरच होते.

नंतर लोक परबांभोवती जमले. मी सेट सुटा करत होतो. गर्दी पांगल्यावर ते माझ्याकडे आले, शर्ट घामाने भिजलेला.

"सर, खरा सांगा. कसा झाला?"

तोंडात आलं होतं, उत्तम. पण त्यांनी खरं विचारलं होतं.

"डावा हात जड पडला," मी म्हटलं. "दुसऱ्या गाण्यात, दोनदा. संथ गाण्यात मला एकही चूक काढता आली नाही."

ते मोठ्याने हसले. "डावो माका पण कळलो. गुरुवारी बघूया."

बाहेर रिक्षा उभी केली. बास ड्रम, स्नेअर, झांजा आत गेल्यावर एकाच माणसापुरती जागा उरली. परब म्हणाले, "तुमी बसा सर, तुमी आजारातसून उठलात." मी त्यांना हाताला धरून बसवलं, झांजांची पिशवी मांडीवर दिली, रिक्षावाल्याला आमच्या घराचा पत्ता सांगितला आणि फिलोमिनाबरोबर चालत निघालो.